गाडीतील सुरक्षेची साधने आणि भीती घालणाऱ्या जाहिराती : हे कितपत योग्य?

घोडबंदरकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

जूनच्या पहिल्या आठवड्यात माझ्या मोबाइलवर एक जाहिरात सारखी दिसू लागली. बंद गाडी, खिडकीच्या निम्म्यापर्यंत चढलेले गढूळ पाणी, आतून काचेवर आपटणारा लहान मुलाचा पंजा, आणि शेवटी पडद्यावर उमटणारा प्रश्न : 'तुमच्या मुलाला वाचवण्यासाठी तुमच्याकडे काय आहे?' त्यानंतर काच फोडायची एक लाल हातोडी दिसते आणि तिच्याखाली किंमत. मला नऊ वर्षांची मुलगी आहे. ती जाहिरात तिसऱ्यांदा पाहिली त्या रात्री मला नीट झोप लागली नाही आणि सकाळी कामावर निघण्यापूर्वी मी हातोडी मागवून टाकली. मग त्याच वळणाच्या आणखी जाहिराती येऊ लागल्या. टायर फुटून उलटलेली गाडी दाखवून व्हॉल्व्हवर बसवायचे हवेचे सेन्सर विकणारी एक होती. डुलकी लागल्यामुळे ट्रकखाली गेलेली गाडी दाखवून कानाला अडकवायचे यंत्र विकणारी दुसरी. महिन्याभरात चार हजारांच्या आसपास खर्च झाला.

गेल्या रविवारी इमारतीच्या पार्किंगमध्ये गाडी आतून साफ करत होतो. मागच्या सीटच्या फटीत मुलीची पेन्सिल गेली होती, म्हणून हात घातला, तर सीटकव्हरखाली काहीतरी कडक हाताला लागले. शिवण थोडी उसवून पाहिली, तेव्हा ते सीटबेल्टचे बकल निघाले. मागच्या सीटची सगळी बकले कव्हराखाली दाबली गेली होती. एकाच्या खाचेत बिस्किटाचा चुरा आणि केस बसून लाल बटण अर्धे आत अडकले होते. कव्हर गाडी घेतल्याच्या आठवड्यातच बसवले होते. याचा अर्थ, सहा वर्षांत मागे बसलेल्या कोणीही पट्टा लावलेला नाही आणि लावायचे मनात आले असते तरी लावता आला नसता. माझी मुलगी आणि माझी आई मागेच बसतात. पुढे दाराच्या कप्प्यात ती लाल हातोडी होती आणि तिच्यावरचे प्लॅस्टिकचे वेष्टनही मी काढलेले नव्हते.

तेव्हापासून मी या प्रश्नाचा विचार करतो आहे. घोडबंदर रस्त्यावरून मी रोज ऐरोलीला जातो आणि महिन्यातून एकदा आम्ही सगळे पालघरला सासुरवाडीला जातो. या प्रवासात माझ्या मुलीच्या जिवाला पाण्यात बुडण्यापासून किती धोका आहे आणि गायमुखच्या उतारावर पुढच्या कंटेनरने अचानक ब्रेक मारल्यास किती, हे मला त्या जाहिरातीआधीही समजत होते. तरीही मी पैसे मोजले ते पहिल्या धोक्यासाठी. जाहिरातीने माझी भीती जागी केली हे खरे, परंतु तिने ती भलत्याच जागी नेऊन खर्च करायला लावली. अशा जाहिरातींना काही अर्थ आहे का? भीती घातल्याशिवाय माणूस सुरक्षेसाठी हलतच नाही, असे तुम्हाला वाटते का? आपापले अनुभव आणि मते सविस्तर लिहावीत, ही विनंती.

पामबीच_वाचक

बकलांचा अनुभव वाचून मी ताबडतोब खाली जाऊन आमची गाडी पाहिली. आमचीही दोन बकले आतच होती.

भीतीबद्दल मात्र माझे मत थोडे वेगळे आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला. ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता, ही गोष्ट तेव्हा घरोघरी बोलली गेली. तो रस्ता आपणा सर्वांच्या नेहमीच्या वापरातला असल्यामुळे आमच्या घरात त्या बातमीचा जबरदस्त परिणाम झाला. वडील, जे पुढेही नाइलाजाने पट्टा लावत, ते मागे बसून पट्टा मागू लागले. म्हणजे भीतीने काम केले. पण दिवाळीपर्यंत ते सगळे विरून गेले, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. भीती चुकीची नाही, ती टिकत नाही, एवढेच माझे म्हणणे.

मृद्गंध

घोडबंदरकर दादा, तुमचा मुद्दा समजला, परंतु 'भलत्याच जागी' हा शब्द मला लागला, म्हणून लिहिते आहे.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या दिवशी माझे मामा कार्यालयातून ठाण्याला घरी यायला निघाले आणि पोहोचले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांची गाडी सापडली. काचा पूर्ण बंद होत्या, कारण पाऊस आत येऊ नये म्हणून एसी लावून ते पाणी ओसरण्याची वाट पाहत बसले होते. त्या रात्री मुंबईत बंद गाड्यांमध्ये जीव गेलेले ते एकटे नव्हते. आमच्या आईने त्यानंतर कितीतरी वर्षे पावसाळ्यात गाडीत पाऊल ठेवले नाही. माझ्या गाडीत हातोडी आहे, ती राहणार आणि तिची मला लाज वाटत नाही.

तरीही या जाहिरातींवर माझा राग आहे, आणि तो भीती घातल्याबद्दल नाही. त्या भीती घालतात आणि पुढे काय करायचे ते सांगतच नाहीत, याचा तो राग आहे. मामांनी काय करायला हवे होते हे मी नंतर जिथून मिळेल तिथून वाचून काढले. रस्त्यावरचे पाणी दाराच्या उंबऱ्याला टेकले की गाडीचा मोह सोडून, दार उघडत असतानाच बाहेर पडायचे. गाडी पाण्यात सापडलीच तर आधी पट्टा काढायचा आणि लगेच खिडकी खाली घ्यायची, कारण विजेवर चालणाऱ्या खिडक्या पाण्याचा स्पर्श झाल्याबरोबर बंद पडतातच असे नाही. सुरुवातीचा थोडा वेळ त्या बहुधा चालतात. त्या वेळी दाराशी झटापट करायची नाही, बाहेरच्या पाण्याचा दाब दार उघडू देत नाही. मुलांना आधी खिडकीतून बाहेर काढायचे, मग आपण निघायचे. हातोडीची पाळी खिडकी खाली येत नाही तेव्हाच येते. आणि ती हाताच्या टप्प्यात, पट्टा बांधलेला असताना पोहोचेल अशी, पक्की अडकवलेली हवी. डिकीत किंवा डॅशबोर्डच्या कप्प्यात कागदपत्रांखाली ठेवलेली हातोडी असून नसल्यासारखीच. सीटच्या टेकूचे लोखंडी दांडे काच फोडण्यासाठीच टोकदार केलेले असतात, असा एक संदेश दर पावसाळ्यात फिरतो, तोही खरा नाही.

एवढे सगळे एका मिनिटाच्या जाहिरातीत सहज मावले असते. ती जागा त्या पंजाला दिली.

स्पॅनर_बारा

कळव्यात माझे गॅरेज आहे आणि तीस वर्षे याच धंद्यात आहे. मृद्गंध ताईंनी लिहिलेला क्रम अगदी बरोबर आहे. त्यात काचेबद्दल थोडी भर घालतो.

पुढची काच लॅमिनेटेड असते, म्हणजे दोन काचांच्या मध्ये प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. हातोडी मारली तर तिला जाळे पडते, पण ती फुटून मोकळी होत नाही. बाजूच्या काचा बहुतेक गाड्यांमध्ये टफन्ड असतात, त्यांचे बारीक दाणे होऊन त्या खाली पडतात. परंतु अलीकडे काही महागड्या गाड्यांमध्ये आवाज कमी यावा म्हणून बाजूलाही लॅमिनेटेड काच येते, आणि तिथे ही हातोडी कामाची नाही. काचेच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत काचेचा प्रकार छापलेला असतो, तो आजच जाऊन वाचावा. मारताना काचेच्या मध्यावर न मारता कोपऱ्याजवळ मारावे. पाण्याखाली हात जोरात फिरत नाही, त्यामुळे दाबल्यावर स्प्रिंगने टोक बाहेर येणारे साधन जास्त भरवशाचे ठरते. माझ्याकडे हातोडी घेऊन येणाऱ्यांपैकी कोणालाही आपल्या गाडीच्या काचा कोणत्या प्रकारच्या आहेत हे माहीत नसते. जाहिरातीनेही त्यांना ते विचारलेले नसते.

आता हवेच्या सेन्सरबद्दल. ते वाईट साधन नाही. हवा हळूहळू उतरत असेल तर ते वेळेवर सांगते आणि हवा कमी असलेल्या टायरची बाजूची भिंत सतत दुमडून तापते, तिथूनच बहुतेक वेळा टायर फुटण्याची सुरुवात होते. पण जाहिरातीत टायर फुटतो तो एका क्षणात, आणि सेन्सर असता तर फुटला नसता, असा पाहणाऱ्याचा समज होतो. खड्ड्याच्या कडेवर आपटून आतला धागा तुटलेला टायर हवा पूर्ण असतानाही फुटू शकतो. घोडबंदर रस्त्यावर पावसाळ्यात काय अवस्था असते ते तुम्हाला सांगायला नको. त्यासाठी टायरवर हात फिरवून फुगवटा आहे का, ते पाहावे लागते. टायरच्या भिंतीवर चार आकडी खूण असते, त्यातले पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला आहे. खाचांची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की टायर बदलायचा. चालकाच्या दाराच्या चौकटीवर किती हवा भरायची त्याचा तक्ता चिकटवलेला असतो, आणि ती हवा टायर थंड असताना मोजायची असते. यातल्या कशालाही पैसा लागत नाही, म्हणून याची जाहिरातही नाही.

डुलकीच्या यंत्राबद्दल तर मी स्पष्टच लिहितो. मान खाली गेल्यावर ते वाजते. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदाला २२ मीटर जाते. मान खाली जाईपर्यंत गाडी कुठल्या कुठे पोहोचलेली असते. शिवाय यंत्र आहे म्हणून आणखी दोन तास गाडी हाणणारी माणसे मी पाहिली आहेत. झोप आली की गाडी बाजूला घेऊन झोपणे, याला दुसरा उपाय नाही.

मला सर्वात जास्त काळजी वाटते ती या वस्तू बसवताना होणाऱ्या कापाकापीची. जास्त उजेडाच्या नावाखाली ५५ वॉटच्या जागी १०० वॉटचा बल्ब लावतात, मग होल्डर वितळतो. कॅमेऱ्यासाठी मूळ वायर कापून तिला पिळा मारून जोड देतात आणि वरून नुसती चिकटपट्टी गुंडाळतात. मागे माझ्याकडे एक गाडी ओढून आणली होती, तिच्या डॅशबोर्डमागे असाच जोड जळून कोळसा झाला होता. मालकाने त्याच महिन्यात आग विझवायची बाटली विकत घेतली होती. तीही सीटखाली मोकळीच पडली होती. टक्कर झाली तर अशी मोकळी बाटली तोफेच्या गोळ्यासारखी पुढे येते. पुढे लावायच्या लोखंडी गार्डचेही तेच. केंद्र सरकारने २०१७ च्या डिसेंबरमध्ये ते बेकायदा ठरवले, कारण त्याने धक्का आहे तसा सांगाड्यात जातो आणि एअरबॅगच्या सेन्सरचा अंदाज चुकतो. तरीही 'मजबुती' म्हणून ते आजही विकले जाते.

घोडबंदरकर साहेब, तुमचे सीटकव्हर पुढच्या सीटवरही आहे का? आणि सीटच्या बाजूला एअरबॅगचे लेबल आहे का? असेल तर ते कव्हर आजच काढा. बाजूची एअरबॅग सीटच्या शिवणीतून फुटून बाहेर येते, जाड कव्हराखाली ती अडकते.

मजकूरकार

मी एकवीस वर्षे जाहिरातींचा मजकूर लिहिला. आता निवृत्त होऊन वाशीत राहतो. या धाग्यात लिहिणे मला माझे कर्तव्य वाटते, कारण अशा दोन जाहिराती मी स्वतः लिहिल्या आहेत. गाडीच्या मागच्या कॅमेऱ्यासाठी लिहिलेल्या एका जाहिरातीत मी गाडीमागे खेळणारे मूल दाखवले होते. ती वस्तू उपयोगी होती आणि धोकाही खरा होता. परंतु माझ्यासमोर कामाचा जो कागद होता, त्यात अपघात कमी करण्याचा उल्लेखच नव्हता. पाहणाऱ्याने तीन मिनिटांच्या आत खरेदीचे बटण दाबले पाहिजे, एवढेच त्यात लिहिले होते.

भीती घालून माणूस बदलतो का, या प्रश्नावर मानसशास्त्रात जुने आणि चांगले काम झालेले आहे. जॅनिस आणि फेशबॅक यांनी १९५३ मध्ये दातांच्या निगेबद्दल विद्यार्थ्यांना सौम्य, मध्यम आणि तीव्र भीती घालणारी व्याख्याने दिली. तीव्र भीती घातलेल्या गटाच्या मनावर परिणाम जास्त झाला, पण सांगितलेला सल्ला त्या गटाने सर्वांत कमी पाळला. १९६५ मध्ये लेव्हेंथॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी येल विद्यापीठात धनुर्वाताच्या लसीवर केलेला प्रयोग तर मला आजही अस्वस्थ करतो. भीतीदायक छायाचित्रे पाहून विद्यार्थी घाबरले, लस महत्त्वाची आहे हे त्यांनी मान्यही केले, पण त्यातले सुमारे ३ टक्केच लस घ्यायला गेले. दुसऱ्या गटाला त्याच माहितीबरोबर दवाखाना दाखवणारा नकाशा दिला, लसीच्या वेळा दिल्या आणि तुझ्या वेळापत्रकात केव्हा जाता येईल ते ठरव असे सांगितले. त्या गटातले सुमारे २८ टक्के गेले. दवाखाना कुठे आहे हे त्या सर्वांना आधीपासूनच माहीत होते.

म्हणजे भीती हे इंधन आहे. गाडी कुठे जायची ते नकाशा ठरवतो. आता या वस्तूंच्या जाहिरातीकडे पाहा. तिथेही नकाशा असतोच, आणि तो फार स्पष्ट असतो : इथे दाबा, पैसे भरा, उद्या घरपोच मिळेल. भीतीला जाण्यासाठी एक सोपी वाट मिळते आणि वस्तू हातात आली की भीती निवते. घोडबंदरकर यांनी वेष्टनही काढले नाही, यात त्यांचा निष्काळजीपणा मला दिसत नाही. ज्या भीतीने ती हातोडी मागवायला लावले, ती भीती पार्सल घरी आले त्या क्षणीच संपली होती. विकणाऱ्याचे कामही तिथेच संपते. म्हणून माझे मत असे आहे की, भीती घालण्याला अर्थ आहे, पण वस्तू विकणाऱ्याच्या हातात ती दिली की तिचा शेवट खरेदीत होतो, वागणुकीत होत नाही.

आणि भीती कोणत्या धोक्याची घालायची, तेही विकणाराच ठरवतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांपैकी सीटबेल्ट न लावलेली माणसे १६,७१५ होती, आणि त्यातली ८,३३१ चालक नव्हती, सोबतचे प्रवासी होती. पट्टा गाडीच्या किमतीतच आलेला असतो. त्यावर कोणाला काहीच मिळवायचे नसते.

मृद्गंध

मजकूरकार काका, तुम्ही आकडे दिलेत, ते मी नाकारत नाही. परंतु दुर्मीळ धोका म्हणून जो बाजूला ठेवला जातो, तो कोणाच्यातरी घरी येतोच. आमच्या घरी आला. वस्तू विकत घेऊन मनाला आलेली शांतता खोटी असते असे तुम्ही म्हणता, पण मी दर जूनमध्ये ती हातोडी हातात घेऊन मुलांना खिडकी, पट्टा, कोपरा हे सगळे करून दाखवते. ती वस्तू नसती तर कदाचित मी ते बोलणेही टाळले असते.

मजकूरकार

ताई, तुमचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे आणि 'भीती निवते' हे वाक्य मी सरसकट लिहायला नको होते. तुमच्या घरात नकाशा तुम्ही स्वतः काढलात. तो जाहिरातीने काढून द्यावा, एवढीच माझी अपेक्षा आहे.

आरती_ऐरोली

आईबापांना, विशेषतः आयांना, घाबरवून विकलेल्या वस्तूंचा माझा अनुभव लिहिते. बाळ चार महिन्यांचे असताना मी गाडीसाठी चाइल्ड सीट शोधत अ‍ॅक्सेसरीजच्या पाच दुकानांत फिरले. मागचे बाळ दिसावे म्हणून लावायचा आरसा सगळ्यांकडे होता. पट्ट्याने मानेला इजा होते असे सांगून विकायची मऊ गादीही होती. एका दुकानात तर बाळाला आईच्या छातीशी बांधून पुढे बसायचा पट्टा दाखवला आणि 'आईच्या हातांपेक्षा सुरक्षित जागा नाही' असे सांगितले. चाइल्ड सीट मात्र एकाकडेही नव्हती.

आईचे हात ही गाडीत सुरक्षित जागा नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी धडकणे म्हणजे सुमारे १४ मीटर उंचीवरून, चौथ्या मजल्याहूनही वरून, पडण्यासारखे आहे. तेवढा धक्का कोणाचेच हात पेलू शकत नाहीत, आणि पुढे एअरबॅग उघडली तर मांडीवरचे मूल तिच्या तडाख्यात सापडते. पाठमोरी बसवायची चाइल्ड सीटसुद्धा चालू एअरबॅगसमोर कधीही लावायची नसते. आता येणाऱ्या बहुतेक गाड्यांमध्ये मागच्या सीटच्या फटीत आयसोफिक्सचे दोन लोखंडी हूक असतात, बोटाने चाचपले तर सापडतात. त्यांना ती सीट खटकन अडकते. आमचे हूक आम्हाला गाडी घेतल्यानंतर दोन वर्षांनी सापडले.

घोडबंदरकर दादा, तुमच्या मुलीचा पट्टा गळ्यावरून जातो की खांद्यावरून, हे पाहा. मुलांची उंची साधारण १३५ ते १५० सेंटीमीटर होईपर्यंत खाली बूस्टर सीट लागते, नाहीतर कमरेचा पट्टा पोटावर येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ब प्रमाणे चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा चाइल्ड सीट नसेल तर एक हजार रुपये दंड आहे.

कोर्टनाक्याचा_वकील

कायद्याची बाजू थोडक्यात मांडतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल ते १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकते. ९ जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार वस्तूची शास्त्रीय सत्यता, व्यवहारातील उपयोग किंवा क्षमता फुगवून सांगता येत नाही. लॅमिनेटेड काचेवर निरुपयोगी असलेली हातोडी 'कोणतीही काच फोडते' म्हणून विकणे यात बसते, असे माझे मत आहे. निव्वळ भीती घातली म्हणून मात्र जाहिरात बेकायदा ठरत नाही. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

या विषयाची दुसरी बाजूही नोंदवतो. बकलात खोचून सीटबेल्टचा इशारा बंद करणारी क्लिप याच दुकानांत आणि याच संकेतस्थळांवर उघड मिळत होती. मे २०२३ मध्ये प्राधिकरणाने पाच ई-कॉमर्स कंपन्यांविरुद्ध आदेश काढले आणि अशा १३,११८ नोंदी विक्रीतून हटवल्या गेल्या. हातोडी आणि ही क्लिप एकाच दुकानदाराकडून घेतलेली माणसे माझ्या ओळखीत आहेत.

पामबीच_वाचक

अशी क्लिप आमच्याही गाडीत होती. वडिलांच्या बाजूला ती मीच लावली होती, कारण सततच्या आवाजाने ते वैतागत. वर 'भीती टिकत नाही' असे मी लिहिले, पण ती टिकवून धरणारा आवाज मी माझ्या हाताने बंद केला होता, हे तेव्हा सुचले नाही. आज क्लिप काढून फेकली आहे.

घोडबंदरकर (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. मृद्गंध ताई, 'भलत्याच जागी' हा शब्द मी मागे घेतो. माझ्या गाडीच्या बाजूच्या काचा टफन्ड आहेत, हे कोपऱ्यातली अक्षरे वाचून खात्री केली.

स्पॅनर_बारा काका, पुढच्या सीटच्या बाजूला लेबल नाही, पण कव्हर सगळीच काढून टाकली. बकले मऊ ब्रशने साफ केली. दोन आता खटकन बसतात. तिसरे मात्र पट्टा धरते आणि ओढल्यावर सुटते. ते बदलावे लागेल का? दुसरी अडचण आईची आहे. तिची उंची कमी आहे. मागचा पट्टा तिच्या गळ्याला घासतो, म्हणून ती तो काखेखालून घेते. तसे चालेल का?

स्पॅनर_बारा

ओढल्यावर सुटणारे बकल अजिबात वापरू नका आणि दुरुस्तही करून घेऊ नका. कंपनीचे मूळ बकल मागवून बदला. तोवर त्या जागेवर कोणालाही बसवू नका.

काखेखालून पट्टा घेणे फार वाईट. धक्का खांद्याच्या हाडाऐवजी बरगड्यांवर येतो आणि या वयात बरगडी मोडून आत घुसू शकते. मागच्या पट्ट्याची उंची बहुतेक गाड्यांत बदलता येत नाही, पण पुढे दाराच्या खांबावर पट्टा वर-खाली सरकवायची कळ असते. आजींना पुढे डाव्या बाजूला बसवा, सीट पूर्ण मागे घ्या, कळ खाली घ्या आणि कमरेचा पट्टा पोटाखाली, मांडीच्या सांध्याशी येऊ द्या. डॅशबोर्डवर त्यांच्यासमोर देवाची मूर्ती चिकटवलेली असेल तर ती तिथून सन्मानाने हलवा, खाली एअरबॅग आहे.

घोडबंदरकर (धागाकर्ता)

मूर्ती होती. आईने स्वतःच्या हाताने ती काढून घरी देव्हाऱ्यात ठेवली.

आज सकाळी सगळे मिळून उपवन तलावापर्यंत जाऊन आलो. आई पुढे, पत्नी आणि मुलगी मागे. मुलीसाठी बूस्टर सीट मागवली आहे, ती येईपर्यंत तिला लांब न्यायचे नाही असे ठरवले आहे. पट्टा छातीवर ओझ्यासारखा वाटतो, अशी आईची तक्रार होती. तलावाशी पोहोचेपर्यंत तिने तो दोनदा सैल करून पाहिला, पण काढला नाही. हातोडीचे वेष्टन काढून ती माझ्या सीटच्या उजव्या बाजूला पट्ट्याने घट्ट बांधली आहे. पट्टा लावून बसल्यावर हात पोहोचतो की नाही, ते मुलीने मला तीन वेळा करून दाखवायला लावले.